‘अपनाच आदमी है, इसमें लिखना क्या?’

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शाबानचा महिना लागला होता. शब-ए-बारात तोंडावर आली होती. त्या रात्री लोक कब्रस्तानात जातात, आपल्या गेलेल्या माणसांसाठी फातेहा पढतात. आमच्या गावच्या कब्रस्तानात मात्र पाऊल टाकायला जागा उरली नव्हती. दीड एकर जमीन वेड्या बाभळीने गिळून टाकली होती. त्याआधीच्या पावसाळ्यात एक जनाजा नेताना खांदा देणाऱ्या दोघांच्या पायांत काटे घुसले. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, ट्रॅक्टरचं टायरही सोडत नाही. त्यातल्या एकाचा पाय चिघळला आणि तो आठ दिवस दवाखान्यात पडून होता.

म्हणून एका रात्री इशाच्या नमाजनंतर मशिदीत बैठक बसली. कब्रस्तान साफ करून घ्यायचं, फाटकापासून आतपर्यंत रस्ता काढायचा आणि कोपऱ्यातला मोकळा पट्टा नव्या कब्रींसाठी सपाट करायचा, असं ठरलं. काम कुणाला द्यायचं, यावर फार वेळ गेला नाही. कमिटीतल्या एकाच्या सासुरवाडीकडचे एक गुत्तेदार होते. तालुक्याच्या गावी राहणारे, स्वतःचा जेसीबी असलेले, पाच वेळचे नमाजी. ते बैठकीला आलेच होते. म्हणाले, “डिझेल तुमचं, बाकी सवाब माझा.” सगळ्यांना भरून आलं.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. गावात कुठलीही बैठक असली की वही घेऊन मलाच बसवतात. सवयीने मी पेन उघडलं आणि विचारलं, “काम नेमकं कुठून कुठपर्यंत? लाकडाचं काय? डिझेल किती तासांचं धरायचं?” शेजारी बसलेल्या एका बुजुर्गांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, “सर, अपनाच आदमी है, इसमें लिखना क्या?”

दोन-चार जण हसले. मला संकोच वाटला. मशिदीत बसून एका नमाजी माणसावर आपण शंका घेतोय असं दिसेल, असं वाटलं आणि मी पेनाला टोपण लावलं. वहीत तारीख आणि हजर असलेल्यांची नावं आहेत, त्याखाली ते पान आजही कोरं आहे. हा लेख त्या कोऱ्या पानाबद्दल आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी की यात कुणी चोर नव्हता आणि कुणाची बदनामी मला करायची नाही.

जेसीबी सकाळी आला तेव्हा आमच्यापैकी बहुतेक जण आपापल्या कामावर होतो. मी शाळेत होतो. ड्रायव्हर परप्रांतातला तरुण मुलगा. त्याला कुणीतरी सांगितलं, “पूरा साफ करना है.” त्याने पूरा साफ केलं. आमच्याकडच्या कब्री बहुतेक कच्च्या. माती पावसाने बसते, चार-पाच वर्षांत उंचवटा राहत नाही. राहतो तो डोक्याकडचा आणि पायाकडचा एकेक दगड. त्यावर नाव नसतं. घरच्यांनाच ठाऊक असतं की कडुनिंबापासून चौथी रांग, काळा दगड, ते आपले अब्बा. बकेटने झुडपांबरोबर ते दगडही ओढले गेले. संध्याकाळी मी शाळेतून परस्पर तिकडे गेलो, तर जमीन शाळेच्या मैदानासारखी दिसत होती आणि भिंतीजवळ चाळीस-पन्नास दगडांचा ढीग रचून ठेवलेला होता. नीट रचलेला. त्या मुलाने आपल्या परीने अदबच राखली होती.

माझ्या अब्बांचा दगड त्या ढिगात आहे. कोणता, ते मला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडचा शेजारी शेतकरी आला. बाभळीच्या दाटीत हद्दीचा दगड कुणाला दिसलाच नव्हता आणि मशिनने त्याचा बांध दोन-तीन फूट आत कोरला होता. “सर, बांध कोरला तुमच्या मशिननं,” एवढंच तो म्हणाला. पण त्याच्या मागे आलेल्या दोघांचा आवाज चढलेला होता आणि त्यातल्या एकाने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं होतं. बांधाचं भांडण खेड्यात भावाभावांत होतं. त्यात एका बाजूला कब्रस्तान असेल, तर आजच्या काळात ते भांडण बांधापुरतं राहत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. त्या शेतकऱ्याच्या वडिलांचं आणि माझ्या अब्बांचं बसणं-उठणं होतं. त्याने स्वतः त्या पोराला मोबाईल खिशात ठेवायला लावला. आम्ही त्याच दिवशी बांध घालून दिला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळतो.

तिसरी गोष्ट लाकडाची. वेडी बाभूळ निरुपयोगी वाटते, पण तिचं लाकूड कोळशाच्या भट्टीला चालतं, त्याला गिऱ्हाईक असतं. चार ट्रॉल्या लाकूड गेलं. गुत्तेदार म्हणाले, “लाकूड मी नेणार हे मी बैठकीतच बोललो होतो.” अर्ध्या लोकांना ते आठवत होतं, अर्ध्यांना नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वही माझ्याकडे होती.

मग डिझेल. त्यांनी एकतीस तासांचा हिशेब दिला. गावातल्या पोरांनी सांगितलं की मशिन मधेच एकाच्या शेतात ताली घालायला गेलं होतं. गुत्तेदार म्हणाले, ते तास मी वेगळे काढलेत. काढले असतीलही. पण सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर कुणीच टिपलं नव्हतं. शेवटी रस्त्यासाठी खोदलेल्या उंचवट्यातला जास्तीचा मुरूम टिपरमध्ये भरणं चालू असताना तलाठी आले आणि त्यांनी तो तिथंच रिकामा करायला लावला. ते वेळेवर आले हे आमचं नशीब.

बाभळी त्याच पावसाळ्यात परत फुटल्या. गुत्तेदारांनी पैसे कमी मिळाल्याचं मनाला लावून घेतलं. कमिटीतला त्यांचा नातेवाईक आजही जुम्याला दुसऱ्या मशिदीत जातो. दीड एकर जमीन साफ करताना आमची एवढी माणसं तुटली.

यातून मी एक गोष्ट शिकलो. ती तुमच्यापुढे ठेवतो, कारण घर बांधताना, मदरशाची जागा सपाट करताना, ईदगाहची भिंत घालताना, शेतातलं तण काढून विहिरीची जागा तयार करताना आपण सगळेच ही चूक करतो. ‘आपला माणूस’ आणि ‘स्थानिक माणूस’ यांत आपण गल्लत करतो. आणि या दोघांशीही व्यवहार करताना कागद लिहिणं हा अपमान समजतो.

काम स्थानिक माणसाला द्यावं, या मताचा मी आहे. आधी होतो आणि एवढं होऊनही आहे. पैसा गावात राहतो हे एक कारण झालं. पण जमीन साफ करण्याच्या कामात त्याहून मोठं कारण आहे. जमीन वरून दिसते तशी खाली नसते. आमच्या मराठवाड्यात काळ्या मातीचा थर कुठे दोन फूट, कुठे आठ फूट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया बसवला की दोन वर्षांत भिंतीला तडा जातो. म्हणून घराच्या जागेवर ती काढून मुरमापर्यंत जावं लागतं. मुरूम कुठे वर आहे, जुनी बुजवलेली विहीर कुठे आहे, पावसाचं पाणी कोणत्या वाटेने उतरतं, हे नकाशावर नसतं. ते तिथे हयात काढलेल्या माणसाला ठाऊक असतं.

आमच्या कब्रस्तानापासून दोनशे पावलांवर मातीवडारांची वस्ती आहे. दगड फोडणं आणि माती खोदणं हे त्यांचं पिढ्यांचं काम. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी तरुणपणी कब्रस्तानाची भिंत रचली आहे. त्या घरातली माणसं कित्येकदा कब्र खोदायलाही मदतीला आलेली आहेत. सगळं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “मास्तर, ती पूर्वेकडची जागा मशिनची नव्हतीच. तिथं जुन्या कब्री दाट हायेत. आन् हद्दीचा दगड पांगाऱ्याच्या बुडाशी व्हता. मला इचारलं असतं तर मी उभा राह्यलो असतो.”

आम्ही विचारलं नव्हतं. आमच्या बैठकीत त्यांचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही अठरा किलोमीटरवरून माणूस आणला, कारण तो आपला होता. आणि दोनशे पावलांवरचा माणूस आम्हाला दिसला नाही, कारण तो आपल्यातला नव्हता. गुत्तेदार आपले होते, पण स्थानिक नव्हते. वडारकाका स्थानिक होते, आणि त्या जमिनीच्या बाबतीत आमच्यापेक्षा जास्त आपले होते.

हे मी फक्त मुसलमानांना बोल लावायला लिहीत नाही. प्रत्येक जातीत, प्रत्येक भावकीत हेच चालतं. पण आपल्यावर बाहेर इतका अविश्वास दाखवला जातो की आपण आत जास्तच घट्ट चिकटून बसतो. आपल्याच पोराला काम मिळावं ही भावना मला समजते. आपल्या तरुणांना गुत्ती मिळत नाहीत, बँकेचं कर्ज मिळत नाही, एखाद्याने जेसीबी घेतला तर त्याचे हप्ते आपणच काम देऊन फेडू द्यायला हवेत, हेही खरं. मग त्याला काम द्या. पण तो आपला आहे म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही आणि आपलीही होत नाही. उलट दोन्ही वाढतात.

आता कागदाकडे येतो. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. अडचण येते ती सिद्ध करताना. पण मला कोर्टाची गोष्ट करायचीच नाही. दीड एकराच्या कामासाठी कोण कोर्टात जातो? कागद कोर्टासाठी नसतो. तो आठवणीसाठी असतो. माणूस खोटं बोलत नाही, त्याला आपल्या सोयीचं आठवतं, एवढंच. लाकडाच्या बाबतीत आमच्यातला कुणीही खोटं बोलत नव्हता.

अनुभवातून मला कळलेल्या, त्या कागदावर यायलाच हव्या अशा गोष्टी सांगतो.

पहिली हद्द. काम सुरू करण्याआधी सातबारा काढा. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरून हद्द कायम करून घ्या. मोजणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करा. मग शेजाऱ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर चुन्याची रेघ मारा आणि खुंट्या ठोका. मशिनवाल्याला बोलून दाखवू नका, रेघ दाखवा.

दुसरी, काय ठेवायचं. कोणतं झाड राहणार, कोणता दगड हलवायचा नाही, मशिन कुठे जाणार नाही. ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारा. वेडी बाभूळ तोडणं वेगळं आणि आंबा, चिंच, साग तोडणं वेगळं. अशा झाडांसाठी १९६४ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि शहराच्या हद्दीत १९७५ चा वृक्षांचा कायदा लागू होतो. मशिनवाला तोडून निघून जातो, नोटीस जागेच्या मालकाला येते.

तिसरी, काम तासावर की उक्तं. तासावर असेल तर जेसीबीला तासाचं मीटर असतं. सकाळी मशिन सुरू होताना आणि संध्याकाळी बंद होताना त्याचा फोटो मोबाईलवर काढा, दोघांनीही. मशिन उभं राहून सुरू असलं तरी मीटर पळतं, हे लक्षात ठेवा. येण्या-जाण्याचं भाडं आणि ड्रायव्हरचा भत्ता कुणाकडे, तेही लिहा. उक्तं असेल तर काम कुठे संपलं म्हणायचं, ते लिहा. ‘जागा साफ’ म्हणजे काय? फांद्या उचलणं त्यात आहे का? खड्डे बुजवणं आहे का?

चौथी, बुंधे. वेडी बाभूळ नुसती वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. बुंध्याभोवती खणून जमिनीखाली फूटभर खोल तोडावी लागते, नाहीतर मुळासकट उपटावी लागते. मोकळ्या प्लॉटवर मशिनने उपटा. कब्रस्तानात उपटता येत नाही, कारण मुळं कब्रींमधून गेलेली असतात. तिथे हातानेच, कुदळ-कुऱ्हाडीने काम करावं लागतं. ते महाग पडतं आणि वेळ खातं. सवाबाच्या भरात आम्ही हाच विचार केला नाही.

पाचवी, लाकूड आणि मुरूम. लाकडाला किंमत असते. ते गुत्तेदाराने न्यायचं असेल तर खुशाल नेऊ द्या, पण वजनकाट्याची पावती घ्या आणि तेवढी रक्कम मजुरीतून वजा करा. वक्फच्या जमिनीवरचं लाकूड कमिटीच्या मालकीचं नसतं. मुतवल्लीला वर्षाचा हिशेब वक्फ बोर्डाला द्यायचा असतो, त्यात ते दिसलं पाहिजे. मुरूम, माती, दगड हे गौण खनिज आहे. परवानगी आणि रॉयल्टीशिवाय ते उपसलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे त्याच्या बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होतं. जागेबाहेर एक ब्रासही जाणार नाही, असं कागदात लिहा. जास्तीचा मुरूम निघणार असेल तर तलाठ्याला आधी विचारा.

सहावी, मजूर. कागद गुत्तेदाराशी होतो, पण काटा मजुराच्या पायात जातो. बूट, जाड हातमोजे, पाणी, सावली कोण देणार? कुणाला लागलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? लाकूड कोळशाच्या भट्टीला जाणार असेल तर भट्टीवर राबणारी माणसं कोण आहेत, तेही विचारा. कोकणातली कातकरी कुटुंबं उचल देऊन अशा भट्ट्यांवर आणली जातात आणि त्या उचलीत वर्षानुवर्षं अडकून राहतात, हे सर्वांना माहीत असलेलं सत्य आहे. आपल्या कब्रस्तानाच्या लाकडात कुणाची वेठ नको.

सातवी, पैसे. एकदम देऊ नका आणि अडवूनही ठेवू नका. थोडा इसार, अर्धं काम झाल्यावर एक हप्ता, काम संपल्यावर दुसरा आणि थोडी रक्कम पहिल्या पावसानंतर. बुंधे नीट निघाले की नाही ते पहिला पाऊसच सांगतो. पण ठरलेल्या दिवशी पैसे द्या. कमिटीच्या लोकांना गुत्तेदारावर बोट दाखवायला आवडतं, पण ‘चंदा जमला की देतो’ म्हणून छोट्या गुत्तेदाराला सहा-सहा महिने फिरवणाऱ्या कमिट्याही मी पाहिल्या आहेत. त्याच्या मशिनचा हप्ता चंद्यासाठी थांबत नाही. कागद दोन्ही बाजूंना बांधतो. तो गुत्तेदाराचंही रक्षण करतो, किंबहुना त्याचंच जास्त करतो.

माझ्या बोलण्यावर दोन आक्षेप येतात. एक असा की एवढा काथ्याकूट केला तर गावातला साधा माणूस काम घेणारच नाही, शहरातला मोठा ठेकेदार येईल. मला उलटं दिसतं. मोठ्या ठेकेदाराकडे वकील असतो, छापील फॉर्म असतो. साध्या माणसाकडे फक्त आपला शब्द असतो आणि वाद झाला की त्याचा शब्द सगळ्यांत आधी पडतो. साध्या मराठीत लिहिलेलं, त्याला मोठ्याने वाचून दाखवलेलं एक पान त्याला घाबरवत नाही. त्याला काय करायचं ते कळतं, एवढंच.

दुसरा आक्षेप तोच, त्या रात्रीचा. आपल्या माणसाकडून लिहून घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. यावर मला एवढंच म्हणायचंय की हा आक्षेप मशिदीत बसून घेता येत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणती? नमाजची नाही, रोज्याची नाही. सूरह बकराची २८२ वी आयत, आणि ती मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा इन्साफाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नये, इतक्या बारकाईने त्यात सांगितलं आहे. तो हुकूम परक्यांशी व्यवहार करताना पाळायचा आणि आपल्यांशी करताना सोडायचा, असं त्यात कुठेही नाही. आपण ती आयत तरावीहमध्ये दरवर्षी ऐकतो, आणि गुत्तं ठरवताना म्हणतो, अपनाच आदमी है.

भाषेचा मास्तर आहे म्हणून आणखी एक सांगतो. मराठीतली व्यवहाराची भाषा पाहा. करार, हिशेब, हद्द, जमीन, मजूर, वसूल, बयाणा. हे शब्द फारसी-अरबीतून येऊन शेकडो वर्षांत पक्के मराठी झाले. आमच्याकडचा गुत्तेदार तेलुगू-कन्नडच्या शेजारातून आला. आणि ‘अनामत’ हा शब्द म्हणजे आपलीच ‘अमानत’. मराठी माणूस पैसे ठेवताना अनामत म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हिशेब असतो. आपण अमानत म्हणतो, तेव्हा डोळे भरून येतात, पण पावती फाडत नाही. शब्द एकच आहे. भावना आणि पावती वेगळी काढली की अमानतही राहत नाही आणि अनामतही.

गेल्या वर्षी उरलेलं काम करायचं होतं. परत फुटलेल्या बाभळी काढायच्या होत्या आणि पश्चिमेची बाजू साफ करायची होती. या वेळी मी टोपण लावलं नाही. कब्रींच्या भागाचं काम वडारकाकांच्या घरच्यांना दिलं, हाताने. आधी काका आणि आमच्यातले दोन बुजुर्ग असे तिघे मिळून आठवडाभर कब्रस्तानात फिरले. जिथे जिथे कब्र आहे असं तिघांपैकी एकालाही वाटलं, तिथे चुना टाकला. रस्त्यासाठी आणि बाहेरच्या पट्ट्यासाठी मशिन लागणारच होतं. कमिटीत थोडी कुरकुर झाली, पण मी त्याच गुत्तेदारांना फोन केला. चूक त्यांच्याइतकीच आमची होती.

ते आले, जरा ताठच होते. मी पान पुढे केलं. एका बाजूला मराठी, पाठीमागे तोच मजकूर उर्दूत. मोठ्याने वाचून दाखवला. वडारकाकाही ऐकत होते, शेजारचा शेतकरीही होता. गुत्तेदारांनी ऐकून घेतलं, खिशातून स्वतःची छोटी डायरी काढली आणि म्हणाले, “मीटरचं रीडिंग मी पण लिहितो, सर. मागच्या वेळी लिहिलं असतं तर मला पण बोलणी बसली नसती.” मग त्यांनी सही केली. काकांनी अंगठा दिला. शेतकऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली.

काम नऊ दिवस चाललं. पैसे ठरलेल्या तारखेला दिले. पहिल्या पावसानंतर मी आणि काका फिरून आलो. सात-आठ ठिकाणी फुटवा दिसला, तो त्यांच्या मुलाने येऊन काढला आणि राखून ठेवलेली रक्कम नेली. लाकडाचे जे पैसे वजा झाले, त्यातून फाटकाजवळ पाण्याची टाकी बसवली. हिशेब मशिदीच्या फळ्यावर लावला आहे.

अब्बांचा दगड सापडला नाही. या शब-ए-बारातला मी कडुनिंबापासून अंदाजाने चार रांगा मोजल्या आणि तिथे उभा राहून फातेहा पढली. कदाचित ते तिथेच असतील. कदाचित मी दुसऱ्या कुणाच्या अब्बांसमोर उभा होतो. त्यांनाही ती पोहोचली असेल, अशी उमेद ठेवतो.

तुमच्याकडे अशी बैठक बसेल, तेव्हा वही ज्याच्या हातात आहे त्याला माझी एक विनंती आहे. कुणी हातावर हात ठेवला, तरी लिहिणं थांबवू नका. ठेवलेला हात प्रेमाचाच असेल. तरीही लिहा.